मामांचा घाट

मामा रस्तेखात्यात मैलकुली होते. मैलकुली म्हणजे काय, असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, "रस्त्याची आया. जन्म दुसऱ्यांनी दिला, ढुंगण धुतो मी." सत्तावीस वर्षं त्यांनी एकाच घाटाचं हे काम केलं. सात किलोमीटर, एकोणीस वळणं, रस्त्याखालून पाणी जायच्या अकरा मोऱ्या. फावडं, कुदळ, घमेलं आणि एका चाकाची ढकलगाडी घेऊन ते पायथ्यापासून निघायचे. गटारातला पाला काढायचा, मोरीच्या तोंडाशी अडकलेली फांदी ओढायची, खड्ड्यात खडी-डांबर चोपून बसवायचं. साहेब आले नि बदलून गेले, मामा तिथंच.

मग डोंगराच्या पोटातून बोगदा निघाला आणि मोटारी तिकडे वळल्या. घाट असा गप्प झाला की पाचव्या वळणावर उभं राहिलं तर खालच्या ओढ्याचं पाणी ऐकू यायचं. मामांना वाटलं, संपली आपली सद्दी. आणि सहा महिन्यांत सायकली आल्या! आधी दोन, मग दहा, मग दर रविवारी घोळकाच. लांबलांबून माणसं मोटारीच्या टपावर सायकली बांधून यायची आणि मामांना सांगायची, "असा निवांत रस्ता शोधून सापडत नाही हो. गाड्या नाहीत, सावली आहे, चढ कसा एकसारखा!" आपला रस्ता कुणी शोधत येतं, हे मामांना अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं, आणि माणूस असा हरखला की घरी मामी म्हणाल्या, "लग्नाच्या वेळीसुद्धा एवढे खूश नव्हतात."

तेव्हापासून मामा वळणं झाडायला लागले. मोटारीला खड्डा लागतो, पण त्या बोटभर चाकांना चिमूटभर वाळूही पुरते. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. एकाला पडताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी ते खराटा घेऊन आले.

अशात खात्याचं पत्र आलं. घाटरस्ता यादीतून कमी करण्याचा विचार आहे. एका रविवारी सकाळी सहा ते संध्याकाळी सहा माथ्यावर मोजणी होईल. पायथ्याकडून चढून आलेली वाहनं शंभर भरली तर रस्ता राहील, नाहीतर पायथ्याशी साखळी. सायकल हे वाहनच, असंही त्यात लिहिलं होतं. मामांच्या पगाराला धक्का नव्हता, त्यांना दुसऱ्या रस्त्यावर नेमणूक मिळणार होती. पण निगा थांबली की तुंबलेली मोरी दोन वर्षांत रस्ता गिळते, हे मामांइतकं कुणाला ठाऊक? 

पायथ्याच्या गावात बेकरी चालवणारी एक बाई होती. पन्नाशी उलटलेली, बोलायला फटकळ, दर रविवारी घाट चढणारी. तिनं पत्र वाचलं, हात पिठातच ठेवून. "शंभर? मामा, दीडशे आणते. रविवारी आठला सगळे पायथ्याशी!"

रविवारी मामा पाच वाजता पायथ्याशी हजर. आज एकही माणूस घसरता कामा नये. त्यांनी शेवटचा हात फिरवायचा म्हणून नेहमीसारखा बोर्ड रस्त्याच्या मधोमध उभा केला, "रस्ता बंद, काम चालू", आणि झाडत झाडत वर निघाले. आठच्या सुमाराला माथ्यावर पोचले. तिथं मोजणीच्या इंजिनिअर मॅडम घडीच्या टेबलाशी बसल्या होत्या. समोर फॉर्म, त्यावर पेन्सिल. पलीकडच्या उतारावरच्या वस्तीतून मामी चहाची मोठी किटली आणि कागदी कपांची चळत घेऊन आल्या होत्या. मामांनी खराटा टेकवला, शर्ट सारखा केला आणि मुंजीत बटूच्या बापानं उभं राहावं तसे रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

साडेआठ झाले. नऊ झाले. कुणी नाही. साडेनऊला मॅडमनी फॉर्मवरची माशी हाकलली.

"येतील," मामा म्हणाले. "नाश्ता करत असतील."

"एवढा वेळ?" मामी म्हणाल्या. "अहो, बारशाला आलेत की चढायला?" मग त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. "तुमची ढकलगाडी कुठाय?"

"आहे की खाली. बोर्डापाशी."

आणि मामांच्या तोंडचं पाणी पळालं. बोर्ड! सत्तावीस वर्षांत काम संपल्यावर बोर्ड काढायला ते एकदाही विसरले नव्हते, कारण काम संपायचं ते पायथ्याशी. आज ते माथ्यावर संपलं होतं. ज्या दिवशी रस्ता उघडा आहे हे जगाला दाखवायचं, त्याच दिवशी स्वतःच्या हातानं रस्ता बंद! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

घाटात फोन लागत नव्हता. मॅडमची गाडी उभी होती, पण ड्रायव्हर बोगद्याकडे गेला होता आणि मॅडमना टेबल सोडायला परवानगी नव्हती. तेवढ्यात पलीकडच्या वस्तीतला पोस्टमन आला, रविवारची सुट्टी असूनही सायकल हातात धरून. मामांनी त्याच्या हातातून ती जवळजवळ ओढूनच घेतली.

"मामा, शेवटची कधी चालवलीत?"

"शाळेत!" मामा ओरडले, आणि सुटले.

पहिल्या वळणाला त्यांनी डोळे मिटले. ही चूक होती, लगेच उघडले. दुसऱ्याला दोन्ही ब्रेक आवळले तर मागचं चाक नाचायला लागलं. तिसऱ्याला मात्र काहीतरी झालं. हे वळण आपलं आहे, हे त्यांच्या अंगालाच आठवलं. इथं रस्ता आत कललेला आहे, कारण तो कल त्यांनीच डांबर लावून दिला होता. मामा आत झुकले आणि सायकल लोण्यातून सुरी जावी तशी गेली. अरे! चौथं. पाचवं. वारा शर्टात शिरला, टोपी उडाली, गेली दरीत, जाऊ दे! सत्तावीस वर्षं ज्या रस्त्याला त्यांनी चालत, वाकत, बोटांनी चाचपत पाहिलं होतं, तो असा पायाखालून वाहतो हे त्यांना माहीतच नव्हतं. इथं खड्डा होता, भरलाय. इथं खडी निसटायची, आता नाही निसटत. एक धक्का नाही! "अरे वा! कुणी केलाय रे हा रस्ता!" मामा दरीला ओरडून विचारत होते आणि खदाखदा हसत होते. मोजणी, बोर्ड, मॅडम, सगळं तीन वळणांपुरतं विसरले. मग आठवलं आणि हसू आटलं.

पायथ्याशी बोर्डाच्या पलीकडे चौऱ्याऐंशी माणसं बसली होती. कुणी दगडावर, कुणी सायकलीला टेकून. बोर्डाच्या दोन्ही बाजूंनी सायकल जाईल एवढी जागा होती. एकही गेला नव्हता.

मामा कसेबसे थांबले. "अगं ताई, बाजूनं जायचं नाही का?"

"बाजूनं?" बेकरीवाली उसळली. "तुमचा बोर्ड आहे तो! बाकीच्यांचे बोर्ड वर्षभर पडून असतात, त्याला कोण विचारतं? तुमचा असला म्हणजे वर खरंच काहीतरी असतं. पंचवीसेक जण कंटाळून घरी गेले, त्यांना मी तरी काय सांगणार?"

 मामांनी बोर्ड उचलून गटारात फेकला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी गटारात काही टाकलं होतं. "उघडा आहे! चला, चला, चला!"

दुपारपर्यंत सायकली चढत राहिल्या. मामी प्रत्येकाच्या हातात कप देत होत्या, मॅडम रेघा मारत होत्या. मामा पोस्टमनची सायकल ढकलत, घामानं निथळत, सगळ्यात शेवटी पोचले. उन्हं कलल्यावर आणखी चार जण आले आणि मग रस्ता रिकामा झाला.

"मॅडम, किती झाले?"

"मोजणी चालू असताना आकडा सांगत नाही."

"मी सांगते," मामी म्हणाल्या. "पायथ्यावरनं येईल त्याला एक कप. अठ्ठ्याऐंशी गेलेत. तुम्ही दोन प्यायलात, ते सोडून. आणि तुम्ही ढकलत आलात, ते वाहन धरतील का कोण जाणे."

 सव्वाचार झाले होते. मामा माथ्याच्या दगडावर बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चूक माझी. ते पंचवीस जण असते तर झालं असतं." 

बेकरीवालीनं चहा गवतावर ओतून दिला. "म्हणजे बारा कमी. मॅडम, एकच माणूस दुसऱ्यांदा चढला तर?"

मॅडमनी फॉर्म उलटसुलट वाचला. "चढून आलेलं वाहन मोजायचं. का आलं, कितव्यांदा आलं, हे इथं विचारलेलं नाही."

बेकरीवाली पुढचं ऐकायला थांबलीच नाही. हेल्मेट डोक्यावर, पाय पॅडलवर. तिच्यामागून सोळा जण उताराला लागले. सकाळीच एकदा सात किलोमीटर चढून पोटऱ्यांचे गोळे झालेली माणसं! मामा कड्याच्या काठाशी धावले. खाली झाडांतून रंगीत टिपके उतरताना दिसले, मग दिसेनासे झाले. आता वाट बघायची.

पाच वाजून दहा मिनिटांनी खालच्या वळणावर पहिला टिपका वर येताना दिसला. मामा मोठ्यानं मोजू लागले. मॅडम मोजणीच्या शिस्तीत होत्या, पण त्याही खुर्ची सोडून उभ्या राहिल्या होत्या. पावणेसहाला पहिला आला, मग दोघं, मग चौघं एकदम. "अरे रेटा रे, रेटा!" मामी किटलीचं झाकण वाजवत होत्या. आणखी तिघं आले. आता दोनच हवे होते आणि पाच मिनिटं उरली होती. एक बाप आणि त्याची मुलगी शेजारी शेजारी, जिभा बाहेर काढून, वळणावरून आली आणि माथ्याचा दगड ओलांडून दोघंही गवतात आडवी झाली. मॅडमनी रेघ मारली, मग दुसरी, आणि मामींकडे बघून फक्त मान हलवली.

मामींनी किटली खाली टाकली. लोकांनी डोंगर डोक्यावर घेतला. त्या गडबडीत आणखी तिघं आली, त्यांच्याही रेघा पडल्या. सहा वाजले, मॅडमनी फॉर्मवर सही केली आणि पेन्सिल पिशवीत ठेवली.

बेकरीवाली चार मिनिटांनी पोचली. चेहरा लालबुंद. ती मोजली गेली नाही, आणि तिनं आकडाही विचारला नाही. मामांपाशी येऊन तिनं एक पाय जमिनीवर टेकला आणि दम खात म्हणाली, "मामा, बाराव्या वळणावर आतल्या कडेला डांबर उखडलंय. उद्या बघा."

उद्या. गेल्या महिनाभरात या घाटाबद्दल बोलताना हा शब्द कुणी उच्चारला नव्हता, खुद्द मामांनीसुद्धा नाही. त्यांनी टोपीसाठी डोक्याकडे हात नेला, टोपी नव्हती. मग त्याच हातानं डोळे पुसले, लोक बघत होते तरी.

"सकाळी पहिलं तेच करतो, ताई," ते म्हणाले.