जाळी काढू का, असं अण्णांनी विचारलं होतं

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोपाशीही नाही — आणि तिच्यापासून लपवण्यासारखं माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं. मग तुम्हाला का सांगतोय? अण्णांना ओळखणारं आता फारसं कुणी उरलेलं नाही, आणि जे आहेत त्यांना चुकीचं माहीत आहे.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. बेंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत आम्ही पाणी उपसणाऱ्या पवनचक्क्यांवर काम करत होतो. होसकोट्याजवळच्या एका वसतिगृहासाठी दोन चक्क्या उभ्या करायच्या होत्या. जागा अरुंद, म्हणून एकीच्या मागे एक. पुढची चक्की वाऱ्यातला जोर काढून घेते. तिच्यामागे मंद, भोवरे घेणाऱ्या हवेची लांब शेपटी राहते. आजूबाजूचा ताजा वारा तिच्यात मिसळत जातो, तसा वेग परत येतो. पण किती अंतरावर? ते सांगणारं सूत्र मी मांडलं होतं. वय सव्वीस. साहेबांनी चारचौघांत पाठ थोपटली होती.

सूत्र पडताळायला वातबोगदा होता — मोठ्या पंख्याने वारा ओढणारी लांब लाकडी पेटी, आत चक्कीची छोटी प्रतिकृती. वाऱ्याचा वेग नळ्यांमधल्या रंगीत द्रवाच्या उंचीवरून अण्णा वाचायचे; बोगदा त्यांच्याच ताब्यात असायचा. ते आमच्यासारख्याच, पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या मराठी घरातले. राजाजीनगरच्या त्यांच्या घरून त्यांच्या पत्नी, अक्का, माझाही डबा पाठवायच्या. पंख्याच्या आवाजात अण्णा मराठीत आकडे ओरडायचे, मी लिहायचो. दोघे कन्नड मदतनीस आमच्या बोलण्याला हसायचे. त्यांना त्यातलं काही कळत नसे.

त्या शनिवारी बोगद्याच्या तोंडाशी आधीच्या प्रयोगाची तारेची जाळी तशीच होती. जाळीतून आलेला वारा खवळतो, आणि खवळलेल्या वाऱ्यात ती शेपटी फार लवकर विरते.

"जाळी काढू का रे? स्वल्प वेळ लागेल," अण्णा म्हणाले.

मी पहिले आकडे पाहिले होते. ते माझ्या सूत्राशी जुळत होते — फार सुरेख जुळत होते.

"राहू द्या, अण्णा."

मला कळत नव्हतं का? कळत होतं. सोमवारी पक्क्या वहीत आकडे उतरवताना जाळीचा उल्लेख मी गाळला.

सूत्राने दिलेल्या अंतरावर चक्क्या उभ्या राहिल्या. मागची जेमतेम फिरायची, पाणी चढायचं नाही. मुलं पुन्हा विहिरीवरून घागरी वाहू लागली. चौकशीत एका मदतनीसाने सांगितलं, जाळी बसवलेली होती. साहेबांनी मला विचारलं — तुला ठाऊक होतं? मी म्हणालो, नाही. अण्णा बोलले नाहीत मला.

अण्णा समोरच उभे होते. त्यांचा प्रश्न ऐकलेले ते दोघेही तिथेच होते — पण प्रश्न मराठीत होता. साहेब अण्णांकडे वळले. अण्णा माझ्याकडे बघत राहिले, रागाने नाही, एखादा चेहरा ओळखीचा आहे का ते बघावं तसं. मग म्हणाले, "सरी, सार." बरं, साहेब — एवढंच.

त्यांना बोगद्यावरून काढून भांडारात बसवलं. निवृत्त होईपर्यंत ते तिथे खिळे नि स्क्रू देत होते. माझ्या सूत्रातला आकडा बदलला, सूत्र टिकलं, मी वर चढलो. आणि डबा? डबा येत राहिला. मी खात राहिलो. ते गप्प का राहिले, हे मी कधीच विचारलं नाही — विचारायला आधी कबूल करावं लागलं असतं.

अण्णांच्या तेराव्याला त्यांचा मुलगा माझ्याशेजारी बसला होता. म्हणाला, "बाबांची नजर फार बारीक होती, काका. त्या जाळीचं तेवढं कसं विसरले कोण जाणे." मी मान हलवली. होतं असं कधीकधी, म्हणालो.

तो आता सत्तरीला आलाय. आपल्या मुलांनाही त्याने हेच सांगितलंय.

ते विसरले नव्हते. शनिवारी दुपारी, हातात पाना घेऊन, त्यांनी मला विचारलं होतं. नको, मी म्हणालो.