तीन फायरवॉल आणि एक गेटमन

"फाटक बंद हाय! नंबर आल्याबिगर कुनी बी फुडं जायचं न्हाई!"

आबा ओरडत होते. समोर ना फाटक होतं, ना गाडी. होता तो कान्हे गावातल्या घरातला टेबलावरचा कॉम्प्युटर आणि त्याच्यापुढे रडकुंडीला आलेली त्यांची एकुलती एक लेक. अकराला तिची नोकरीची मुलाखत होती, याच कॉम्प्युटरवर. पावणेअकरा झाले होते आणि इंटरनेट ठप्प. म्हणून तिने मला माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातून बोलावून घेतलं होतं.

आबांचा आवाज तुम्ही ऐकला नाहीत, हे तुमच्या कानांचं भाग्य. ते कान्ह्यात शिंकले की कामशेतात म्हशी रवंथ थांबवायच्या. मी हे सांगतो तेव्हा लोक हसतात. कामशेतचे लोक मात्र हसत नाहीत.

आबा रेल्वेत गेटमन होते. स्टेशनमास्तरशी फोनवर नंबराची देवघेव करायची, तो रजिस्टरात लिहायचा आणि मगच दांडा हलवायचा, यात त्यांचा जन्म गेला. एकदा त्यांनी वरात अडवली, तेव्हा अलीकडचा बिनमिशीचा नवरदेव पलीकडे मिशी फुटूनच पोचला म्हणतात. म्हणतात म्हणजे, मीच म्हणतो.

लेकीसाठी कॉम्प्युटर आला तेव्हा त्यात फायरवॉल मी टाकली. आत काय येतं, बाहेर काय जातं यावर पहारा ठेवणारा तो प्रोग्राम. समजावताना माझी जीभ घसरली. म्हणालो, "आबा, हे कॉम्प्युटरचं फाटक समजा."

"येकच? अवो भाऊ, फाटकाला दोन दांडं असत्यात. रुळाच्या अल्याड येक, पल्याड येक. येकच टाकला तर पल्याडनं म्हस शिरंल की!"

आठवड्याभरात दुसरी फायरवॉल त्यांनी स्वतः बसवली. मग तिसरी. ती कशाला, तर म्हणे, "रिलिव्हर, बदलीचा गडी. पयल्या दोघास्नी डुलकी लागली तर?"

तेव्हापासून माझ्या दुकानाचं स्टेशन झालं. पडद्यावर 'याला आत सोडायचं का?' असं आलं की आबांचा फोन. "भाऊ, नंबर बोल." मी तोंडाला येईल तो सांगायचो, सत्तेचाळीस. ते वेळेसकट वहीत उतरवायचे आणि मग बटण दाबायचे. एकदा जेवता जेवता मी कालचाच नंबर सांगितला. "ह्यो काल वापरलाय. डोकं जाग्यावर हाय न्हवं?"

तर त्या सकाळी तिघी फायरवॉल एकमेकींच्या उरावर बसल्या होत्या. पहिलीला दुसरी चोर वाटत होती, दुसरीने तिसरीला धरलं होतं आणि तिसरीने सगळ्या जगालाच अडवलं होतं.

"आबा, दहा मिनिटं राहिली हो!" लेक म्हणाली.

"दोन काढून टाकाव्या लागतील," मी म्हणालो.

"मी जित्ता असताना?" त्यांनी माऊसवर पंजा ठेवला. वर्षानुवर्षं फाटकाचं चाक फिरवलेला पंजा तो. त्याखाली माऊस दिसेनासाच झाला.

"आबा, एका फाटकावर एकाच वेळी तीन गेटमन ड्यूटीला लावले तर?" मी विचारलं.

आबा गप्प झाले. आबा गप्प! त्या शांततेत मला चक्क इंद्रायणीचं पाणी ऐकू आलं.

"ह्यो हिरवा दावंल, त्यो लाल," ते हळूहळू म्हणाले. "तिसरा दोघांशी भांडंल. गाडी सिग्नलला हुभीच ऱ्हाईल."

"उभीच आहे, आबा. तुमची लेक बसलीय तिच्यात."

पंजा उचलला गेला. पण वही पुढे आली. "नंबर?"

मी तोंड उघडलं. "तू न्हवं. गाडी तिची हाय."

ओढणीने डोळे पुसत लेक म्हणाली, "बावीस."

त्यांनी लिहिलं, बावीस. दहा चोपन्न. मी दोन फायरवॉल काढल्या. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू होईपर्यंत मी कुलदैवतापासून गावच्या म्हसोबापर्यंत सगळ्यांना हाक मारली. अकराच्या ठोक्याला पडद्यावर दोन अनोळखी चेहरे उमटले.

"दोन गेटमन कमी झालं," आबा कुजबुजले. म्हणजे शेजारच्या घरापर्यंतच गेलं. "बाहीर मानूस लागंल." आणि उंबऱ्याबाहेर जाऊन उभे राहिले. पुढच्या अर्ध्या तासात त्यांनी एक दूधवाला, दोन कोंबड्या आणि भुशी धरणाकडून निघालेला एक ढग अडवला. ढगाचं मी शपथेवर सांगतो. "थांबा! लाइन बिझी हाय!" असं तीनदा तरी गरजले.

लेकीला नोकरी लागली. आबांना जाऊन आता दोन वर्षं झाली. अजूनही ऐन जेवणात फोन वाजला की हॅलोच्या आधी माझ्या तोंडात आकडा येतो.

परवा ती दुकानात आली होती. मी सहज विचारलं, "त्या दिवशी मुलाखतीत पहिला प्रश्न काय होता गं?"

"बाहेर कोण ओरडतंय?"

"मग? काय सांगितलंस?"

"म्हटलं, वडील आहेत. ड्यूटीवर आहेत."