हद्दीपलीकडचा दिवा

आजही थंडीत पहाटे जाग आली, की धुक्यात अधांतरी तरंगणारा एक पांढरा उजेड मला दिसतो. पोलीस सेवेत शेकडो जबाब घेतले, पण पाहिलेल्या स्वप्नासारखं मनात राहिलेलं प्रकरण हे एकच.

मोशीच्या पुढे एक रस्ता आहे. त्याच्या अलीकडे ग्रामपंचायतीची हद्द, पलीकडे महापालिकेची. अलीकडच्या गावाचे उपसरपंच ठाण्यात अर्ज घेऊन आले. राज्य सरकारच्या अनुदानातून गावाला सौर दिव्याचा उंच खांब मंजूर झाला होता. ठेकेदाराचं बिल निघालं, खांब मात्र जागेवर नव्हता. सरपंचबाईंवर अपहाराचा गुन्हा नोंदवा, अशी त्यांची मागणी.

माझी पद्धत ठरलेली. आधी जागा, मग वस्तू, मग माणूस. जागेवर काँक्रीटचा पाया होता, त्यातून चार बोल्ट वर आलेले आणि एका बोल्टला शेळी बांधलेली.

"पंचनाम्यात शेळी घ्यायची का, साहेब?" हवालदारानं गंभीरपणे विचारलं.

पायाच्या मागेच नव्या प्लॉटिंगची कमान होती. मालक कोण, तर अर्जदार उपसरपंच. मी तेही टिपून ठेवलं.

ठेकेदाराला बोलावलं. तो म्हणाला, "काम केलंय साहेब. खांब उभा आहे. कुठं, ते ताईंना विचारा."

सरपंचताई गावची सून, चाकणच्या एका कंपनीत वायरिंगच्या लाइनवर कामाला. कंपनीच्या युनिफॉर्मवरच आल्या आणि खुर्चीच्या टोकावर बसल्या.

"खांब विकला?"

"न्हाई."

"मग कुठंय?"

"ते न्हाई सांगणार."

खोटं जुळवणारा माणूस इकडंतिकडं बघतो. त्या सरळ माझ्याकडे बघत होत्या. बाई कुणाला तरी पाठीशी घालते आहे, एवढं कळलं.

ठाण्यासमोरच्या चहावाल्याच्या कानावर सगळं असायचं. ग्लास ठेवता ठेवता तो म्हणाला, "राव, खांब दिवसा शोधून काय उपयोग? पहाटे पहिल्या शिफ्टच्या बसला त्याच रस्त्याच्या वळणावर या."

गेलो. जीप लांब उभी केली. इंद्रायणीवरून धुकं चढलं होतं, रस्ता, शेतं, अर्धवट इमारती सगळं विरघळून गेलेलं. आणि वर, खांबाशिवायच, उजेडाचं एक तळं टांगलेलं. त्यात हळूहळू बायका उमटू लागल्या. स्कार्फ, डब्याच्या पिशव्या, पायांचा आवाज नाही. एकीचं हसू ऐकू आलं, ती मात्र दिसली नाही. मग बस आली, तिनं त्यांना उचललं आणि तळं पुन्हा रिकामं झालं.

खांब रस्त्याच्या पलीकडे, महापालिकेच्या हद्दीत उभा होता. त्याच्याखालून आमची जीप रोज जायची. पलीकडचा दिवा म्हणजे महापालिकेचाच, असं सगळ्यांनी धरलं होतं. दिव्यावरचा क्रमांक बिलाशी ताडला. तोच निघाला.

ताईंना पुन्हा बोलावलं. "तुम्ही स्वतः तिथूनच बस पकडता. म्हणजे सोय स्वतःचीच केली."

"व्हय. म्हणून तर ठाऊक हाय तिथं किती अंधार असतो. डंपरवाल्याला आमी दिसतच न्हाई. पालिकेला अर्ज देऊन थकलो. उपसरपंचाच्या कमानीला दिवा लावून पलाटाचा भाव वाढंल, बाई थोडीच वाचंल?"

"ठेकेदाराला अडवून खांब पलीकडे कुणी लावून घेतला?"

"बायांची नावं घेणार न्हाई. सही माझी हाय, ल्हिवा."

मी लिहिलं. अपहार आढळला नाही. मंजूर जागा विनापरवाना बदलली. अहवाल जिल्हा परिषदेकडे जाणार होता. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, "पद जाऊ शकतं."

"जाऊ द्या. दिवा काढत्याल का?"

"ते माझ्या हातात नाही."

त्या पहिल्यांदाच हसल्या. "काढायचा म्हणलं तर पालिकेची परवानगी लागंल. ती काय लवकर मिळत न्हाई, साहेब."

त्यांचं पद गेलं. कायद्यानं ते बरोबरच होतं, आणि अहवालावर सही माझी होती. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत माझ्या पद्धतीत एक पायरी वाढली. वस्तू कुठं गेली हे विचारण्याआधी, ती कुणाला हवी होती, हे मी विचारू लागलो.

पदावरून काढल्याचा आदेश हातात पडला, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ताई पहिल्या शिफ्टला गेल्या. चहावाल्यानं सांगितलं, बसमधल्या बायकांनी त्यांच्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवली होती.