कुंपणापलीकडची आत्या

नोराला माणूस दिसला की ती त्याचं गाव विचारायची. पार्सल टाकायला आलेला पंजाबी ड्रायव्हरही त्यातून सुटत नसे. आम्ही ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगला राहायला आलो त्या दिवशी तिनं मलाही विचारलं. मी सरळपणे "इंडिया" म्हणालो, तर बाई मागच्या अंगणातल्या लाकडी कुंपणावर कोपरं टेकून म्हणाली, "तो देश झाला, लव्ह. गाव सांग." मग वाई हे नाव तिनं माझ्याकडून घोकून घेतलं. पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाईला नुसतं नोरा म्हणणं मला जड जाई, पण इथे सगळे तसंच म्हणत.

गंमत म्हणजे, जगाची गावं विचारणाऱ्या या बाईला स्वतःचं गाव ठाऊक नव्हतं. आयर्लंड, त्यातही क्लेअर परगणा, एवढंच. तिचे खापरपणजोबा थॉमस तरुणपणी बोटीनं इकडे आले आणि मागचं काही न सांगताच गेले. तिलाही आधी त्याची फारशी चिंता नव्हती. ती लागली धाकट्या भावामुळे.

डेस त्याचं नाव. लग्न न केलेला, वृद्धाश्रमात राहणारा, हळूहळू सगळं विसरत चाललेला. महामारीत भेटी बंद झाल्या तेव्हा नोरा त्याच्या खिडकीबाहेर उभी राहून फोनवर बोलायची आणि तो काचेआडून दर वेळी एकच विचारायचा, "नोरा, आपण कुठले गं?" ती आयर्लंड म्हणायची. "ते माहितेय. पण कुठले?" घरी येऊन हे सांगताना तिचे डोळे भरून यायचे. डेस जायच्या आत त्याला गावाचं नाव सांगायचंच, असा तिनं ध्यास घेतला.

आयर्लंडची जुनी जनगणना नष्ट झालेली. उरल्या होत्या त्या चर्चच्या कराच्या याद्या. दोनशे वर्षांपूर्वी तिथलं सरकारी प्रॉटेस्टंट चर्च कॅथलिक शेतकऱ्यांकडूनही कर घेई, आणि कोणत्या गावात कोण किती जमीन कसतो हे त्यासाठी लिहून ठेवी. या याद्या आता इंटरनेटवर आहेत. "आमचे लोक या कराला शिव्या देत मेले, आणि आता त्यानंच त्यांची नावं जपलीत," नोरा म्हणायची. मी स्टील प्लँटचं काम घरून करत होतो. संध्याकाळी कुंपणावर लॅपटॉप ठेवून आम्ही दोघं थॉमस शोधायचो. तिचं आडनाव आपल्याकडच्या पाटलासारखं, गावोगाव पसरलेलं. थॉमसही ढिगानं निघाले. नोरा प्रत्येकाच्या प्रेमात पडायची आणि मग नाद सोडायची.

आमची चूक एका संध्याकाळी माझ्या लक्षात आली. यादीत नाव जमीन कसणाऱ्याचं, आणि थॉमस तेव्हा पोरसवदा असणार. शोधायला हवा होता त्याचा बाप, आणि त्याचं तर नावच माहीत नव्हतं. मी सहज म्हणालो, आमच्यात गेलेल्या आजोबांचं नाव नातवाला ठेवतात. नोरा माझ्याकडे बघतच राहिली. तिची आईही असंच काहीसं म्हणायची, पहिला मुलगा आजोबांच्या नावाचा. थॉमसचा पहिला मुलगा म्हणजे तिचे पणजोबा, कॉर्नेलियस. म्हणजे थॉमसच्या बापाचं नावही तेच असणार. या भारदस्त नावाची घरात सगळे थट्टा करत.

त्या आडनावाचा कॉर्नेलियस सबंध परगण्याच्या यादीत एकच सापडला. गाव नॉकरो. पक्का पुरावा नव्हे, मी म्हणालो. "मला पुरे आहे," नोरा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत ते नाव लिहून डेसच्या काचेला लावलं. त्यानं बोटानं एकेक अक्षर गिरवलं. पुढच्या भेटीत तो विसरला होता आणि त्यानं पुन्हा विचारलं. पण आता नोराकडे उत्तर होतं. तो गेला तेव्हा तो पुठ्ठा त्याच्या उशाशी होता.

नंतरच्या लॉकडाऊनमध्ये आम्हाला मुलगा झाला. आरव ठरत आलं होतं, ते बदलून आम्ही माझ्या वडिलांचं नाव ठेवायचं ठरवलं. बाळाच्या कानात नाव सांगायचं आत्यानं, आणि माझी ताई पुण्यात अडकलेली. व्हिडिओवर तीच म्हणाली, "अरे, त्या नोराबाईंना सांग. माझ्या वतीनं." मी नोराला रीत समजावली. "डेसनं लग्न केलं नाही," ती म्हणाली. "मला आँटी म्हणणारं कुणी झालंच नाही."

मी बाळाला कुंपणापाशी नेलं. मास्क सारखा करत ती वाकली आणि ताईनं शिकवल्याप्रमाणे म्हणाली, "कुर्रर्र, गोविंद." पाठीत गुद्दे घालायला बायका नव्हत्या, म्हणून बायकोनं हात लांबवून एक हलकासा गुद्दा घातला. मग नोरानं पुन्हा त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि स्वतःच्या मनानं भर घातली, "फ्रॉम वाई." माझ्याकडे वळून म्हणाली, "आता याला कुणाला विचारत बसायला नको."

नोरा-आत्या जाऊन आता बरेच दिवस झाले. तिची मला फार आठवण येते. परवा गोविंदला घेऊन तिच्या थडग्यावर फुलं ठेवायला गेलो होतो. ही कोण, त्यानं विचारलं. तुझी आत्या, मी म्हणालो.

"व्हेअर इज शी फ्रॉम, बाबा?"

"नॉकरोची," मी सांगितलं.