एका डब्यातल्या गोळ्या

मेथीच्या जुडीला सगळी बोटं लागतात. डाव्या हातात काड्या सारख्या करून धरायच्या, उजव्या हातानं केळीच्या सोपटाची ओली दोरी गुंडाळायची आणि अंगठ्यानं गाठ आत दडपायची. वाशीमच्या बाजारात गिऱ्हाईक आमच्या मळ्याची जुडी नुसत्या गाठीवरून ओळखतं, असं माझी सासू सांगायची. खरं-खोटं तिलाच ठाऊक. पण थोरल्याच्या बाळंतपणानंतर माझी बोटं धरली आणि ती गाठ माझ्या हातून गेली. सकाळी उठावं तर मूठ मिटायची नाही. मनगटं सुजून बांगड्या रुतलेल्या. ऊन विहिरीच्या काठावर येईपर्यंत मी तळहात पाहत बसायची आणि तोवर भाजीची गाडी बाजाराला निघून गेलेली असायची.

सासूला हेच दुखणं माझ्या आधीपासून होतं. त्यामुळे या बाबतीतही ती माझी वडीलधारी. मी नुसतं कण्हले, की तिचं त्याहून मोठं कण्हणं तयार. शेजारपाजारच्या बायकांना वाटायचं, मी काम चुकवायला सासूची नक्कल करते. मी मनातल्या मनात म्हणायची, नक्कलच करायची तर मी तिच्या जिभेची केली असती, बोटांची कशाला करू?

एकदा विहिरीवर शेजारीण माझ्या देखतच सासूला म्हणाली, की हातानं अधू सून कायले ठेवता, माहेरी धाडून द्या आन् दुसरी पाहा. एक बायको असताना दुसरी करता येत नाही असा कायदा सरकारनं केला होता म्हणे, पण तो अजून आमच्या विहिरीपर्यंत पोचायचा होता. सासू तिला काहीच बोलली नाही. तोंडातलं पान चघळत राहिली. वारा उलटा सुटला तर वाऱ्याला बोलणारी ही बाई, आणि त्या दिवशी गप्प. त्यानंतर रोज सकाळी डोळे उघडले, की मी आधी मूठ मिटून पाहायची आणि मग देवाचं नाव घ्यायची.

आमचा मुलूख नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि बाजारात नवे पैसे आले होते, तेव्हाची ही गोष्ट. वाशीमच्या दवाखान्यात नागपूरहून एक तरुण डॉक्टर दर बाजाराच्या दिवशी यायला लागला. सांधे धरणाऱ्या लोकांवर नव्या गोळ्यांचा प्रयोग करायचा होता. माझ्या नवऱ्यानं बाजारात भाजी उतरवली आणि रिकाम्या गाडीतून आम्हा दोघींना तिथं नेऊन सोडलं.

डॉक्टर चष्मेवाला आणि लाजाळू होता. बोट दाबण्याआधी "दाबू का?" असं विचारायचा. सासूला त्याची ही रीत फार आवडली. इतकं विचारून तर आपली वांगीही कोणी दाबत नाही, असं ती मला त्याच्यासमोरच म्हणाली. त्यानं आम्हाला प्रयोग समजावून सांगितला. काहींना खऱ्या औषधाच्या गोळ्या मिळणार, काहींना तशाच दिसणाऱ्या पण साध्या साखरेच्या. कोणाला कोणत्या, हे त्याला स्वतःलाही ठाऊक नाही, फक्त नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांना ठाऊक. सासू त्याच्याकडे दयेनं पाहू लागली. एवढा शिकलेला मुलगा आणि हातातल्या बाटलीत काय आहे ते घरचे लोक त्याला सांगत नाहीत, याचं तिला वाईट वाटलं.

मग तिनं विचारलं, हे दुखणं होतंच कशानं. डॉक्टर म्हणाला, की नक्की कोणालाच माहीत नाही, पण आता काही लोकांचं मत असं होत चाललंय, की अंगच अंगाशी भांडतं. बाहेरच्या रोगावर सोडायची फौज आपल्याच सांध्यांवर तुटून पडते.

"म्हंजे घरातलंच भांडन," सासू म्हणाली. "मंग तं बराबर हाये. आमच्या घरात तेच झालं."

याचा अर्थ डॉक्टरला कळणं शक्य नव्हतं. आदल्या वर्षी माझे मोठे दीर वेगळे निघाले होते. मळ्याचे दोन तुकडे झाले, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लागल्या. सासूच्या मते या सगळ्याची सुरुवात थोरल्या जावेनं लोणच्याची बरणी वेगळी ठेवली तेव्हाच झाली होती. तेव्हापासून घरात कुठलीही वस्तू जोडीनं दिसली, की सासू दोन्ही एक करून टाकायची. मिठाची बरणी एक, तेलाचा बुधला एक. मी माहेरून आणलेला चहाचा डबासुद्धा तिनं आपल्या डब्यात ओतून रिकामा केला होता.

आणि डॉक्टरनं आम्हाला दिल्या दोन बाटल्या. दोन्हींवर वेगवेगळे आकडे चिकटवलेले. एकीची गोळी दुसरीनं चुकूनही घ्यायची नाही, असं त्यानं हात जोडून सांगितलं. आम्ही दोघींनी माना डोलावल्या. सासूनं तर जरा जास्तच डोलावली.

घरी आल्यावर पाय धुऊन झाले आणि तिनं फळीवरून लाडवांचा पितळी डबा काढला. लाडू केव्हाच संपले होते. दोन्ही बाटल्या तिनं त्यात उपड्या केल्या आणि डबा चांगला हलवला. मी भीत भीत म्हटलं, आत्याबाई, डॉक्टरनं तर वेगळ्या ठेवायला सांगितल्या होत्या.

"एका घरात दोन दवाया?" ती म्हणाली. "आज दवाई येगळी, उद्या चूल येगळी. तो पोरगा नागपूरचा, त्याले काय मालूम."

मी मनात म्हटलं, वा आत्याबाई! तिचा डाव मी ओळखला होता. माझ्या बाटलीत खरं औषध असलं तर म्हातारीला त्यातलं हवं होतं, एवढंच. अधू सुनेवर चांगली गोळी कशाला वाया घालवा! मी त्या रात्री तोंड फिरवून निजले.

तेव्हापासून सकाळी जेवण झालं, की ती डब्यात हात घालून एक गोळी माझ्या हातावर ठेवायची, एक आपल्या तोंडात टाकायची. पाहून नाही, निवडून नाही.

डॉक्टरकडे गेलं, की तो आमच्याकडून एक रबरी पिशवी दाबून घ्यायचा. पिशवीला नळी, नळीला घड्याळासारखी तबकडी. जितका हाताला जोर, तितका काटा वर. आधी सासू दाबायची. ती दात-ओठ खाऊन काटा चढवायची आणि मग माझ्याकडे अशी पाहायची, की आता दाब म्हणावं. सासूच्या पुढे काटा नेणं मला काही बरं वाटेना. मी तिच्या काट्याच्या अलीकडेच थांबायची. डॉक्टर दोन्ही आकडे लिहून घ्यायचा आणि चष्मा पुसायचा. एकाच घरातल्या दोघींची प्रगती अशी पाठोपाठ कशी चालते, याचं त्याला फार नवल वाटत होतं.

प्रगती मात्र खरीच होती. सूज ओसरत चालली. बांगड्या फिरायला लागल्या. एका सकाळी मी तीन-चार जुड्या बांधल्या आणि त्या सुटल्या नाहीत. मात्र त्याबरोबर भूक आली. अशी भूक, की विचारू नका. एक भाकरी खाऊन जेवण झालं म्हणणारी माझी सासू दुपारी चोरून शेंगदाणे खाताना सापडली, आणि सापडली ती मलाच, कारण मीही त्याच मडक्यात हात घालायला गेले होते. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि मूठमूठ घेऊन आपापल्या कामाला लागलो.

मग गाल आले. माझा चेहरा थाळीसारखा वाटोळा झाला. मला दिवस गेले अशी कुजबुज झाली आणि शेजारणीनं चिंचा आणून दिल्या. पुढच्या आठवड्यात सासूचेही गाल वर आले, तेव्हा ती कुजबुज आपोआप बंद पडली. चिंचा आम्ही दोघींनी मिळून संपवल्या.

अन् एक दिवस नागपूरचे मोठे डॉक्टर आले. उंच, टक्कल पडलेले, कमी बोलणारे. आम्ही आत गेलो आणि त्यांनी आमच्याकडे पाहिलं. मग आमच्या बाटल्यांवरचे आकडे विचारले. मग पुन्हा आमच्याकडे पाहिलं, या गालाकडून त्या गालाकडे. तरुण डॉक्टरला ते म्हणाले, की खऱ्या औषधानं चेहरा असा फुगतो, पण या दोघींपैकी एकीचाच फुगायला हवा होता.

गोळ्या कशा घेतल्या, हे त्यांनी विचारलं. सासूनं लपवलं नाही. डबा, लाडू, थोरल्या सुनेची लोणच्याची बरणी, सगळं सांगितलं. तरुण डॉक्टर मटकन स्टुलावर बसला. मोठे डॉक्टर खिडकीशी जाऊन बाहेर पाहत उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. ते रागानं हलत होते की हसण्यानं, हे मला आजही सांगता येणार नाही.

वळून ते म्हणाले, की तुम्ही दोघीही आता प्रयोगातून बाद. मग सासूला म्हणाले, "खरं औषध तुमच्या बाटलीत होतं, बाई. हिच्या बाटलीत नुसती साखर."

म्हणजे डब्यातून माझ्या वाट्याला जे काही औषध आलं, ते तिचं होतं. मी इतके दिवस तिला लबाड समजत होते आणि लुटलं होतं मी तिला.

डॉक्टर पुढे सांगत होते, की हे औषध एकदम तोडता येत नाही, हळूहळू कमी करावं लागतं. म्हणून त्यांनी एक भरलेली बाटली सासूपुढे ठेवली. सासूनं विचारलं, आन् इची? ते म्हणाले, हिचं नाव औषधवाल्यांत नाही आणि या गोळ्या मोजक्याच येतात. फार तर तुमच्यातली थोडी हिलाही देत कमी करा.

सासूनं माझं मनगट धरलं आणि ती रबरी पिशवी माझ्या हातात कोंबली.

"दाब वं. माह्याकडं पाहू नको. पुरा जोर लाव."

मी दाबली. काटा तिच्या नेहमीच्या खुणेपाशी आला, आणि पुढे गेला. बराच पुढे गेला. तरुण डॉक्टर स्टुलावरून उठून पाहायला आला. सासूनं ते पाहिलं आणि बाटली माझ्या पदरात टाकली.

"मंग इचंच नाव लिहा औषदवाल्यात. माहे हात आता असेबी जानारच हायेत. मळा इले पाहाचा हाये. ते शेजारीन म्हने, सून बदला. म्या म्हनलं, इच्यावानी गाठ कोनाले येते तं दाखव."

हे तिनं शेजारणीला कधी सांगितलं, मला ठाऊक नाही. माझ्या देखत तर नाहीच. मला तिथंच रडू फुटलं आणि वाटोळ्या चेहऱ्यावरून पाणी वाहायला जागाही पुष्कळ होती. मोठ्या डॉक्टरांनी काही लिहिलं की नाही, ते मी पाहिलं नाही.

घरी आल्यावर नवी बाटली पुन्हा डब्यातच गेली. सकाळी जेवण झालं, की सासू डब्यात हात घालायची आणि गोळी माझ्या हातावर ठेवायची. आपली मात्र ती विळीवर अर्धी करायची, पुढे पाव करायची, पुढे नुसती बोटाला लागेल ती भुकटी चाटायची. डॉक्टरनं कमी करत जा म्हटलं होतं. तिनं कमी केली ती फक्त स्वतःची. मी भांडले, तेव्हा म्हणाली, "मले नको ते गोयी. म्हाताऱ्या बाईले इतली भूक शोभत नाई."

डबा रिकामा झाला तेव्हा तिचे गाल उतरले होते आणि बोटं पुन्हा वळली होती. शेंगदाण्याच्या मडक्याचं झाकणही तिच्यानं उघडेना. मी ते उघडून तिच्यापुढे ठेवलं आणि जुड्या बांधायला बसले.