पिल्लू सापडेपर्यंत कापूस हलणार नाही!

मी स्वभावाने अत्यंत शांत माणूस आहे. हे वाक्य आमच्या घरात मी एकटाच म्हणतो, आणि तेही ओरडून म्हणावं लागतं, कारण हळू बोललेलं कोणी ऐकत नाही. बत्तीस वर्षं मी एस.टी.त कंडक्टर होतो. दिग्रस–पुसद, दिग्रस–यवतमाळ, बाजाराच्या दिवशी गाडीत मुंगीला जागा नसताना "पुढे सरका, पुढे सरका" करून आणखी वीस माणसं आत घेतलेली! असला आवाज रिटायर झाल्यावर एकदम कसा बसणार? पण लोक त्याला राग म्हणतात. (मला त्याचाच राग येतो.)

यंदाच्या एप्रिलमध्ये राग येण्याचं कारण कापूस होता. आमच्या गावात कापूस वेचून झाला की घरात येतो आणि भाव वाढेपर्यंत पाहुण्यासारखा मुक्काम करतो. पाहुणा निदान आंघोळीला तरी उठतो. हा पाहुणा बैठकीच्या खोलीत खिडकीपर्यंत चढून बसला होता. टीव्ही त्याच्या मागे, दिवाण त्याच्या खाली, आणि खिडकीच्या अर्ध्या भागाला बाहेरून लावलेला कूलर त्याच्या पलीकडे. त्यातून ऊन तापलं की साठवलेला कापूस चावायला लागतो. म्हणजे अंगाला अशी खाज सुटते की माणूस बोलता बोलता दाराच्या चौकटीला पाठ घासायला जातो. मी संक्रांतीपासून ओरडत होतो, "इकून टाक! इकून टाक!"

"येऊ द्या न जी भाव," आमची शांता म्हणायची. शेतीचा कारभार तिच्या हातात आहे. मी गाडीवर असताना तिनेच शेत सांभाळलं, त्यामुळे त्या खात्यात माझ्या आवाजाला किंमत नाही.

शेवटी तिचं मन वळलं. दिग्रसचे व्यापारी माधवशेठ शुक्रवारी मेटाडोर घेऊन येतो म्हणाले. पण फोन ठेवता ठेवता त्यांनी एक पुस्ती जोडली. "मागच्या खेपी गाडी दारापोतर आली नाई, भाऊ. तुमच्या अंगणातल्या निंबाची ते फांदी आडवी येते. तिचं पाहा काईतरी."

मंगळवारी सकाळीच मी कुऱ्हाड काढली.

"अवो, सारी सावली त्याच फांदीची हाय," शांता म्हणाली. "हमाल आणतीन कापूस उचलून. दहा पावलं तं हाय. ऐन उन्हाळ्यात कायले तोडता?"

"माह्या झाडाची फांदी मी तोडून राह्यलो, कोणाच्या बापाची नाई!" मी शांतपणे म्हणालो. (ते चौथ्या घरापर्यंत ऐकू गेलं, असं नंतर कळलं.)

तासाभराने फांदी कडाडून खाली आली. तिच्यासोबत कापसाचा, सुतळीचा आणि चिंध्यांचा एक गोळा पडला आणि त्यातून अंगठ्याएवढं काहीतरी घरंगळलं. मी वाकून पाहिलं. खारीचं पिल्लू होतं. डोळे मिटलेले, पाठीवर पट्टे नुकते कुठे उमटायला लागलेले, आणि पोट भात्यासारखं वरखाली होत होतं. मग मला राग आला. इतकं मोठं बाभूळबन सोडून हिला माझ्याच फांदीवर बाळंत व्हायचं होतं का?

शांताने आधी पिल्लाकडे पाहिलं, मग कुऱ्हाडीकडे आणि मग माझ्याकडे. बत्तीस वर्षांत एकाही चेकिंगवाल्याने माझ्याकडे तसं पाहिलं नव्हतं.

आमची पल्लवी यवतमाळला कॉलेजात शिकते, सुटीत घरी आली होती. ती मोबाईल नाचवत धावत आली. "बाबा, हात नका लावू! यात सांगून राह्यले, पिल्लू झाडाखालीच सावलीत ठेवा अन् दूर व्हा. माय येऊन घेऊन जाते त्याले."

"मोबाईलले काय घंटा समजते? मांजर घेऊन जाईन न!" असं म्हणेपर्यंत मी पिल्लू तळहातावर घेतलंही होतं.

"झालं मंग!" कुंपणापलीकडून आवाज आला. हे आमचे शेजारी चंपतभाऊ. जगातल्या यच्चयावत प्राण्यांची त्यांना माहिती आहे. फक्त त्यांची स्वतःची शेळी त्यांनी हाक मारली की उलट्या दिशेला पळते. "माणसाचा वास लागला का माय पिल्लू घेत नाई. टोचून मारते. आता हे अनाथ झालं, लिहून ठेवा."

हे मी मान्य केलं. का केलं? कारण लहानपणापासून मीही हेच ऐकलेलं, आणि मुख्य म्हणजे पल्लवीचं म्हणणं खरं धरलं असतं तर मी चूक केली असं झालं असतं.

"ज्यानं घर पाडलं त्यानंच पोसावं," शांताने निकाल दिला आणि भाकरी टाकायला आत गेली.

तर मी आई झालो! रिटायर होताना घेतलेल्या बुटांचा खोका काढला. त्यात कापूस घातला (कापसाला काय तोटा!) आणि खोका खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. दुधासाठी चंपतभाऊंची शेळी धरली, म्हणजे आधी अर्धं गाव पळालो आणि मग धरली. पल्लवीने बिनसुईची इंजेक्शनची नळी आणायला मला भर उन्हात मेडिकलमध्ये पाठवलं.

"पेशंटचं वय काय, काका?" दुकानदाराने विचारलं.

"असन आठ-धा दिवस."

"वजन?"

"चमचाभर."

तो नळी हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. "अबे, खार हाय, खार! दे इकडं!" म्हणून मी ओरडलो. संध्याकाळपर्यंत मी खारीची आई म्हणून सगळ्या गावात प्रसिद्ध झालो. नळी काही चालली नाहीच. शेवटी शांताने देव्हाऱ्यातली वात घेतली, कोमट दुधात बुडवली आणि पिल्लाच्या तोंडाशी धरली. ते चुटूचुटू चोखायला लागलं. ती वात धरून मी तासन् तास बसायचो. माझ्या स्वतःच्या लेकरांना मी बाटली धरलेली कोणाला आठवत नाही, हे शांताने त्या तीन दिवसांत सात वेळा सांगितलं.

पण खरा मनस्ताप वेगळाच होता. एक मोठी खार! मंगळवारी दुपारपासून ती खिडकीच्या गजांवर यायची, शेपटी फुलवून चिर्र चिर्र चिर्र असा कानठळ्या बसवणारा आरडाओरडा करायची आणि तोंडभर कापूस घेऊन पळायची. आमच्या डोळ्यांदेखत चोरी! मी चप्पल फेकली. ती गजामागून माझ्यावरच ओरडली. मी दुसरी फेकली. बुधवारी मी कापूस जरा बाजूला सारून खिडकीपाशी काठी घेऊन खुर्चीच टाकली. एका हातात वात, दुसऱ्या हातात काठी. इकडे एका अनाथ जीवाला माया लावावी, आणि तिकडे त्याच्याच जातीने येऊन आपला कापूस लुटावा, म्हणजे काय माणुसकी आहे का?

"बाबा, ते काहून येते सारखी सारखी?" पल्लवीने विचारलं.

"चोर हाय, म्हणून येते!"

शुक्रवारी दुपारी मेटाडोर आली. फांदी नसल्यामुळे ती उलटी थेट दाराला लागली आणि मी अभिमानाने शांताकडे बघितलं. माधवशेठ उतरले, दोन हमाल उतरले, त्यांनी ताडपत्री अंथरली. मी पिल्लाला सुरक्षित जागी हलवावं म्हणून आत गेलो आणि खोक्यात डोकावलो.

खोका रिकामा होता.

खोक्याच्या खाली, कट्ट्याला टेकून, खोलीभर कापूस. त्यात ते अंगठ्याएवढं लेकरू शिरलं असणार. आणि त्याच कापसात पहिल्या हमालाने पाय घातला होता!

"थांबाऽऽ!" मी ओरडलो. हा आवाज मी आयुष्यात एकदाच काढला होता, ड्रायव्हर चहाला उतरला आणि गाडी आपोआप घाटात निघाली तेव्हा. हमाल एका पायावर थांबला. "पिल्लू सापडेपोतर बोंडभर कापूस हलणार नाई!"

"कोणाचं पिल्लू, भाऊ?" माधवशेठ घाबरले. त्यांना वाटलं घरातलं मूल हरवलं. खार आहे म्हटल्यावर त्यांचाही पारा चढला. "खारीसाठी गाडी थांबवता? मले अजून दोन गावं करायचे हायेत! चार महिने कापूस ठेवला अन् आज तुमाले पिल्लू आठवलं?"

"मंग जा! नाई इकत कापूस!"

हे ऐकून शांताचा हात कपाळावर गेला. संक्रांतीपासून 'इकून टाक' म्हणून बोंबलणारा माणूस दारात आलेली गाडी परतवून लावत होता. पण तिने पदर खोचला आणि माधवशेठना म्हणाली, "शेठ, बसा, च्या ठेवते. आमी मुठीमुठीनं काढतो." आणि मग आम्ही तो कापूस दुसऱ्यांदा वेचला. एकदा शेतात वेचलेला कापूस बैठकीत वेचणारं आमचं जिल्ह्यातलं एकमेव घर असावं. शांता, पल्लवी, मी आणि सल्ला देण्यासाठी चंपतभाऊ. मूठ घ्यायची, झटकायची, चाचपायची, ताडपत्रीवर टाकायची. नाकात तंतू, डोळ्यांत तंतू, आणि खाज! तासाभराने हमालांना दया आली, तेही बसले. दोन तासांनी खुद्द माधवशेठ सदऱ्याची बटणं उघडून, दर मिनिटाला पाठ भिंतीला घासत, मुठी झटकत होते.

"उंदरानं नेऊन खाल्लं असन," चंपतभाऊ म्हणाले.

"तुमी घरी जा!" मी म्हणालो. कापसाची गंजी खाली खाली जात होती आणि प्रत्येक मुठीत मला वाटायचं, आता हाताला मऊ लागेल, आणि ते हलत नसेल. मला रडू येत होतं. साठीच्या माणसाला हमालांसमोर रडू येतं म्हणून आणखी राग येत होता. फांदी मी तोडली. घरात मी आणलं. कट्ट्यावर खोका मीच ठेवला. दुसऱ्या कोणाचं नाव घ्यायला जागाच नव्हती, आणि याचाच सगळ्यात जास्त संताप होत होता.

शेवटची मूठ निघाली. खाली दिवाण दिसला, टीव्ही दिसला, मागच्या दिवाळीत हरवलेला माझा चष्मा दिसला. पिल्लू नाही. माधवशेठनी टोपीने तोंड पुसलं. "उकाड्यानं जीव चालला, पोरी," ते हळूच म्हणाले. "आता मोकळा झाला तं कूलर तरी लाव."

पल्लवीने बटणाकडे हात नेला. तेवढ्यात कूलरच्या आतून आवाज आला. चिर्र चिर्र चिर्र!

"हात काढ!" मी दुसऱ्यांदा घाटातला आवाज काढला.

बाहेर जाऊन कूलरच्या मागच्या जाळीतून पाहिलं. ती चोर खार आत बसली होती. कोरड्या टाकीच्या वर, पंख्याला लागून, आमच्या कापसाचं गुबगुबीत घरटं होतं. त्यात दोन पिल्लं. आणि त्या दोघांच्या अंगावर पाय टाकून झोपलेलं तिसरं आमचं, हनुवटीला शेळीचं दूध वाळलेलं! फांदीवर कुऱ्हाड पडत होती तेव्हाच तिने दोघांना हलवलं असणार. तिसऱ्यासाठी ती तीन दिवस येत होती, आणि मी तिला चपला मारत होतो. मी गाडी बघायला उठलो तेवढ्या पाच मिनिटांत तिने खिडकीतून आपलं पोर उचललं.

पल्लवीने मोबाईल पुढे केला नाही. तिने तो नुसता पाठीमागे धरला, आणि ते मला जास्त लागलं.

"असं कसं?" चंपतभाऊ डोकं खाजवत म्हणाले. "माणसाचा वास लागला का माय घेत नाई न!"

"तिले सांगतलं नसन कोणी," शांता म्हणाली.

कापूस गेला. खोली मोकळी झाली. सगळा एप्रिल सरला, आता मे अर्धा झाला, आणि कूलरचं बटण मी चिकटपट्टीने बंद केलं आहे. थोरल्या मुलीसोबत जावई आले, घामाने निथळले, बटणाकडे बघून गेले. आत भट्टी पेटलेली असते म्हणून मी अंगणात येतो, तर तिथे सावली नाही. ती मीच तोडली आहे. बत्तीस वर्षं गाडीत मी एकालाही बिनतिकिटाचं बसू दिलं नाही. आज माझ्या कूलरमध्ये चौघं फुकट बसली आहेत आणि मी दाराशी उभा आहे. काल पिल्लं केवढी झाली ते बघायला मी जरा जवळ गेलो, तर ती शेपटी फुलवून माझ्यावर अशी काही कडाडली की मी, शांत स्वभावाचा माणूस, एक शब्द न बोलता मागे सरकलो.