तिसऱ्या खेपेला उकळलेली जीप

जुनी गाडी विकणारा माणूस गाडीबद्दल जे सांगतो, त्यातलं फक्त रंगाबद्दलचं खरं असतं, कारण रंग आपल्यालाही दिसत असतो. मी डाळिंबाच्या उभ्या बागा घेतो, म्हणजे फळ झाडावर असतानाच विकत घेतो. सुरुवातीला सोलापूरच्या मार्केट यार्डात हमाली केली, मग दुसऱ्यांच्या फळाची प्रतवारी केली, आणि मग कुणाच्या बापाची मदत न घेता स्वतः बागा घ्यायला लागलो. या धंद्यात सकाळपासून लोक माझ्याशी खोटं बोलतात. फळ किती आहे, फवारणी कधी केली, तेल्या रोग आला होता की नाही, सगळं खोटं. त्यामुळे खोट्याचा मला राग येत नाही, सवय आहे. पण गाडी दुरुस्त करणाऱ्यांनी मला जे ऐकवलं, त्यापुढे सगळे बागायतदार संत म्हणायचे.

माझी जीप जुनी, डिझेलची, चारही चाकांना जोर जाणारी. मी तिचा तिसरा की चौथा मालक, नक्की कुणालाच ठाऊक नाही. लोक हसतात. हसोत. माझ्या निम्म्या बागा ओढ्यापलीकडे आहेत. ट्रक डांबरी रस्त्यावर थांबतो आणि फळाचे क्रेट ट्रॉलीत भरून वाळूतून, काळ्या रानातून बाहेर काढावे लागतात. तिथं चकचकीत नवी गाडी घेऊन येणारे व्यापारी पायात बूट घालून ओढ्याच्या अलीकडेच उभे राहतात आणि फोनवर बाग बघतात.

करकंबच्या पुढे अशीच एक बाग आहे. मालक निवृत्त शिक्षक. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. झाडं उत्तम. माणसाबद्दल पुढे येईलच. गेल्या साली हस्त बहाराची, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाला तोडायची, ती बाग मी घेतली. पहिली खेप बाहेर काढून परत आलो तर रेडिएटरखाली थेंब थेंब पाणी पडत होतं. मी इंजिन थंड होऊ दिलं, झाकण काढलं, बागेतल्या बोअरचं पाणी भरलं आणि प्रतवारी बघायला बायकांच्या टोळीकडे गेलो. परतलो तेव्हा गुरुजी जीपजवळ उभे होते, थेंब बंद झाले होते. बरं झालं, असं वाटलं. दुसरी खेप गेली. तिसऱ्या खेपेला भर ओढ्यात तापमानाचा काटा लाल रेघेला जाऊन चिकटला, बॉनेटमधून वाफ निघाली आणि गाडी बसली. ट्रॉलीतलं फळ दुपारभर उन्हात राहिलं. वरचा थर भाजून निघाला.

गुरुजी ओढ्याच्या काठावर आले. हात मागे बांधलेले.

"शेठ, गाडी भंगार हाय तुमची. आन् भंगारात फळ नेनारा मानूस कसा असंल, ते मी इचारत न्हाई."

टोळीतल्या बायकांसमोर बोलले. मी फळाचं नुकसान माझ्या अंगावर घेतलं, ते जाऊ द्या. ते वाक्य मात्र गेलं नाही. यंदा त्यांनी निरोप पाठवला की बाग दुसऱ्याला द्यायचा विचार आहे, तुम्हाला हवी असेल तर आधी गाडी आणून दाखवा. भरलेली ट्रॉली, भर दुपारी, तीन खेपा. काटा चढला तर पाया पडून परत जायचं.

ती बाग मला हवीच होती. फळ चांगलं होतं हे एक, आणि दुसरं म्हणजे ती सुटली असती तर 'भंगार' हा शब्द त्या पट्ट्यातल्या प्रत्येक बागेत माझ्या आधी पोचला असता.

गेल्या साली उकळल्यावर मी गाडी हायवेवरच्या एका मोठ्या गॅरेजात टाकली होती. काचेची केबिन, आत थंडगार हवा, मालकाच्या गळ्यात चष्मा दोरीनं अडकवलेला. त्यानं पाण्याचा पंप बदलला, होज बदलले, पट्टा बदलला. गाडी तरीही चढावर तापायची. मी परत गेलो की तो म्हणायचा, "जुनी गाडी आहे साहेब, वयोमानानं तापणारच." स्वतःचं पोट टेबलावर ठेवून मला वयोमान सांगत होता.

यंदा मी ठरवलं, सगळं शून्यापासून. जुन्या गाडीत आधीच्या कुणाचाही शब्द धरायचा नाही. इंजिनचं ऑईल, गिअरबॉक्सचं, पुढच्या चाकांना जोर देणाऱ्या गिअरचं, दोन्ही डिफरन्शियलचं, सगळं दुसऱ्या एका मेकॅनिकला माझ्या डोळ्यादेखत काढायला लावलं. मागच्या डिफरन्शियलमधून ताकासारखं पांढुरकं ऑईल निघालं. ओढ्याचं पाणी कधीचं आत जाऊन बसलं होतं. हायवेवरच्या गॅरेजवाल्यानं ते बदलल्याचं मला सांगितलं होतं. हवेच्या फिल्टरमध्ये एवढी माती की पालेभाजी लावता आली असती. ब्रेकचं ऑईल चहासारखं. ग्रीसचे नट बाहेरून पुसलेले आणि आतून कोरडे. एकेक गोष्ट बघत गेलो तसा डोक्यातला पारा चढत गेला. तरी हे सगळं सोपं होतं. घाण काढली, नवं भरलं, झालं. तापण्याचं मूळ सापडत नव्हतं.

सोलापुरात विजापूर वेशीकडे एका बोळात रेडिएटरचं काम करणारे एक म्हातारे चाचा आहेत. दुकान म्हणजे पत्र्याचं छप्पर, पाण्याचा एक हौद, एक भट्टी. फळी नाही, पाटी नाही. मी गेल्या गेल्या घासाघीस सुरू केली. चाचांनी ऐकून घेतलं आणि हात धुतले.

"सेठ, भाव बाद में. पैले पेट खोलने दो."

त्यांनी रेडिएटरचा वरचा पितळी डबा तापवून उकलला आणि आत बोट घातलं. बोट पिवळं होऊन बाहेर आलं. नळ्यांच्या तोंडाशी पिवळा चिखल वाळून बसला होता, अर्ध्याहून जास्त नळ्या गच्च.

"गाडी की शादी किये क्या? हल्दी लगाये सो?"

"हळद?" मी म्हटलं. "कुणी टाकली?"

"मेरेकू क्या मालूम? नवरी तुमारी है."

हा प्रकार मी ऐकून होतो. रेडिएटर बारीक गळायला लागला की लोक चिमूटभर हळद टाकतात. ती फुगते, भोक बुजतं, घरापर्यंत गाडी पोचते. पण ती भोक आणि नळी यांत फरक करत नाही. इथं चिमूट नव्हती, अख्खा पुडा होता. शिवाय त्यावर दगडासारखा पांढरा क्षार.

"ये सफेदी बोअर के पानी की है. ये तो तुमीच डाले ना?" चाचांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

सोलापूरच्या बोअरच्या पाण्यानं घरातल्या बादलीलासुद्धा पांढरा थर चढतो, आणि तेच पाणी मी दर खेपेला गाडीला पाजत होतो. डिस्टिल्ड वॉटर विकत घ्यायला मला जिवावर यायचं. ते माझं. कबूल.

मग चाचांनी गाडीकडे येऊन थर्मोस्टॅटचं घर उघडलं. आत थर्मोस्टॅट नव्हताच. इंजिन तापलं की रेडिएटरकडे जाणारी वाट उघडणारी एवढीशी वस्तू. आमच्याकडे मेकॅनिक ती काढून फेकतात, म्हणे एवढ्या उन्हात तिची काय गरज. चाचांनी पाण्याची वाट बोटानं दाखवली. या इंजिनात थर्मोस्टॅट उघडला की जवळची दुसरी वाट बंद होते. तो नसेल तर ती वाट कायमची उघडी, आणि निम्मं गरम पाणी रेडिएटरला न भेटताच परत इंजिनात. पंख्याभोवतीचं गोल झाकणही गायब होतं, त्यामुळे पंखा नुसताच वारा घुसळत होता.

मी तिथूनच हायवेवर गेलो. केबिनचा दरवाजा उघडून उभ्याउभ्याच सुरुवात केली.

"थर्मोस्टॅट कुणी काढला?"

"मीच," गॅरेजवाला अभिमानानं म्हणाला. "सोलापूरच्या उन्हात काय करायचाय? सगळ्यांचाच काढतो."

"आणि हळद?"

"कसली हळद?"

"रेडिएटरमध्ये पुडा उलटा केलाय तो!"

"अहो साहेब, हळद ठेवायला मी काय किराणा दुकान टाकलंय? डोकं फिरलंय का तुमचं?"

त्यानंतर मी जे बोललो ते छापण्याजोगं नाही. दोन गिऱ्हाइकं गाडी न ठेवताच निघून गेली, याचं मला समाधान आहे. पुढचे दोन आठवडे मार्केट यार्डात जो भेटेल त्याला मी सांगत होतो, हायवेवरच्या त्या काचेच्या केबिनमध्ये गाडीला फोडणी देतात.

चाचांनी नळ्यांतून पितळी पट्टी घालून एकेक नळी मोकळी केली. गळकी जागा झाळली, हवा भरून रेडिएटर हौदात बुडवला आणि एकही बुडबुडा येत नाही हे मला वाकून बघायला लावलं. नवा थर्मोस्टॅट चहाच्या पातेल्यात उकळून, उघडतोय हे दाखवून मग बसवला. पंख्याचं झाकण भंगार बाजारातून शोधून आणलं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर त्यांनी स्वतःच्या मापानं मिसळलं. भाव त्यांनी सांगितला तोच दिला. असं माझ्या हातून वर्षातून एकदा होतं.

ठरल्या दिवशी भर दुपारी बागेत गेलो. गुरुजी झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते. टोळीतल्या बायकांकडून क्रेटमध्ये फळाऐवजी माती भरून घेतली होती, फळ तोडून परत उन्हात घालवायचं नाही म्हणून. तेवढी अक्कल होती. पहिली खेप, ओढा, वाळू, चढ. काटा निम्म्याच्या जरा खाली. दुसरी खेप, तिथंच. तिसऱ्या खेपेला ओढ्यात मी मुद्दाम थांबलो, इंजिन चालू ठेवलं, बाजरीची भाकरी काढून खाल्ली आणि मग चढ चढलो. काटा हलला नाही.

परत आलो तर गुरुजी उठून उभे राहिले होते. चेहऱ्यावर कौतुक. मला वाटलं, आता शब्द मागे घेतील.

"बगा," ते टोळीतल्या बायकांकडे वळून म्हणाले, "गेल्या साली म्या घरची हळद टाकली हुती का न्हाई? पुडाच्या पुडा. अजून काम करतीय."

मी अजून स्टिअरिंगवरच होतो. म्हणजे थेंब बंद झाले होते ते या माणसामुळे. याच्याच हळदीनं ओढ्यात गाडी उकळली, याच्याच तोंडून मी भंगार झालो, आणि आता गाडी चालतेय ती पुन्हा याच्याच हळदीनं. आयुष्यभर फळ्यापुढे उभं राहून शिकवलेल्या माणसाला 'गुरुजी, तुमचं चुकलं' असं कुणी म्हटलेलं नसावं. मी म्हटलं असतं तर बाग गेली असती, हेही दिसत होतं. गॅरेजवाल्याला घातलेल्या शिव्यांचाही विचार मनात आला. थर्मोस्टॅटच्या शिव्या त्याच्या हक्काच्या होत्या. हळदीच्या जास्तीच्या झाल्या. त्या मी परत घेतलेल्या नाहीत.

मी दात आवळून म्हटलं, "व्हय गुरुजी. तुमच्या हळदीनंच."

एवढ्यावर भागलं असतं. पण कौतुकानं माणूस चेकाळतो. गुरुजींनी धोतराच्या सोग्यातून नवा पुडा काढला.

"यंदाबी टाकतो. म्हंजे बहार संपंस्तवर काळजी न्हाई." आणि ते बॉनेटकडे निघाले. रेडिएटरच्या झाकणावर हात ठेवलासुद्धा.

मी उडी मारून त्यांचं मनगट धरलं. गरम झाकण उघडलं असतं तर उकळतं पाणी त्यांच्या तोंडावर आलं असतं. पण खरं सांगायचं तर आधी मला चाचांच्या मोकळ्या केलेल्या नळ्या दिसल्या.

"हात लावू नका! तुमच्या हळदीनंच गेल्या साली गाडी बसली! नळ्या बुजल्या सगळ्या! फळ भाजलं ते तुमच्यामुळं, आणि शिव्या खाल्ल्या मी!"

टोळीतली एक बाई फिसकन हसली. गुरुजींनी आपलं मनगट सोडवून घेतलं.

"गेल्या सालीच का न्हाई सांगितलं?"

"गेल्या साली मला माहीत नव्हतं."

"म्हंजे गाडीतलं तुमालाबी कळत न्हवतं, मलाबी कळत न्हवतं."

"मी निदान पुडा उलटा केला नव्हता."

"पर पानी आमच्याच बोअरचं भरलं हुतं की. खारं हाय म्हनून आमी पितबी न्हाई ते."

गुरुजींनी पुडा हसणाऱ्या बाईच्या हातात दिला, भाजीला घे म्हणाले. मग टोळीला सांगितलं, माती उपसून क्रेट धुवा, उद्यापासून तोडा सुरू. मला काही सांगितलं नाही. भंगार हा शब्द मागे घेतला नाही, भावातही काही सोडलं नाही. पण बाग माझी झाली.

दुसऱ्या दिवशी पहिली ट्रॉली भरली तेव्हा ते येऊन पुढच्या सीटवर बसले. विचारलं नाही, काही नाही. चष्मा लावून डॅशबोर्डवर वाकले आणि काट्याकडे टक लावून राहिले.

"निम्म्यावर," ओढ्यात उतरताना त्यांनी वर्गात पाढे म्हणवून घ्यावेत तशा आवाजात सांगितलं.

"मला दिसतंय."

"निम्म्यावरच."

"गुरुजी, मला दिसतंय."

"रस्त्याकडं बगा तुमी," ते म्हणाले. "काट्याकडं मी बगतो."

पूर्ण तोडा होईपर्यंत, प्रत्येक खेपेला, ते तसेच बसून आले.